सरांच्या तोंडची शाब्बासकी

तुमाले वाटत असन, आता हा पोट्टा सांगन का माही ताई पहाटे चारले उठे, बदाम खाये, घाम गाळे अन् मंग विदेशात गेली. कायचं काय. ताई पोहोचली ते सरांच्या शिव्या खाऊन.

ताई म्हंजे माही चुलतबहीण. पुसदच्या शाळेच्या हॉलात सरांनी तिले रॅकेट धराले शिकवलं. आता ती भारताकडून बॅडमिंटन खेळते, तरी दर मॅचच्या आधी सरांना फोन लावते. सर तिले धुतात, अन् हिचे पाय सुटतात. शाब्बास मात्र सरांनी तिले जन्मात म्हनलं नाही.

या खेपी मामला नाजूक होता. विदेशात गेली का ताई पहिल्याच फेरीत हरून परत ये. घरी सांगून गेलती, यंदाही पहिली फेरी नाही निघाली त खेळ बंद, गुपचूप नोकरी.

अन् नेमकं सरांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बोलाले साफ बंदी केली. ताईले कळलं त ती तिथंच बसन, म्हनून तिले सांगाचं नाही असं ठरलं. मंग फोनवर शिव्या कोन देईन? सरांच्या आवाजाच्या ज्या नकलेपायी त्यांनी मले वर्गाबाहेर काढलं, त्याच नकलेसाठी मले सरांच्या घरी बोलावनं आलं.

फोन आला. सर बाजूले बसून हातवारे करून राह्यले, मी त्यांच्या आवाजात सुरू.

"पाय हायेत का केळीचे खांब? नेटजवळ झोपाले जाते का तू?"

तिकडून हो सर, हो सर. मस्त जमून राह्यलं होतं. पन मले जोश चढला. ठेवता ठेवता मी बोललो, "जा बेटा. शाब्बास. मले तुह्यावर गर्व हाये."

सरांनी कपाळावर हात मारला.

मोबाइलवर मॅच लागली. ताई मयतीले आल्यावानी उभी. पहिला गेम धडाधड गेला. टॉवेल तोंडाले लावून रडून राह्यली. काकू, म्हंजे सरांची बायको, म्हने, "तिच्या लेखी तुम्हीच शाब्बास म्हनले. पोरीले वाटलं असन, मानूस चाललं."

आता तिले सांगावं कसं? कोर्टावर फोन नाही चालत.

दुसऱ्या गेमले मात्र ताईचं डोकंच फिरलं. काय स्मॅश, काय स्मॅश! समोरची पोरगी शटल शोधत राहे. गेम बरोबरीत. तिसरा वीस-वीसवर अटकला. काकूनं उशी चावली, मी टेबलावर चढलो. ताईनं नेटवर असं हळूच शटल टाकलं का समोरची नुसती पाहत राह्यली. अन् मंग एक स्मॅश, कोपऱ्यात. जिंकली!

लगेच तिचा व्हिडिओ कॉल. रडत इचारे, सर हायेत का? सर चाललेच हायेत त जिंकल्याची बातमी आयकून तरी जावं, म्हनून खेळली म्हने. सरांना राहवलं नाही. डॉक्टर गेला उडत. फाटक्या आवाजात म्हनले, "बॅकहँड कोन मारीन, तुहा बाप?"

ताई रडता रडता हासली. फोन ठेवला, अन् सर माह्याकडं वळले.

"बयताडा, नक्कल कराची त पुरी कर. माह्या तोंडात शाब्बास कोनं घातलं? पोट्टी स्पर्धा जिंकन त्या दिवशी म्हनाचं, म्हनून इतके वर्षं जपून ठेवलतं मी थे. तू पहिल्या फेरीतच वाटून टाकलं!"