आईसाठी सोडलेली जागा

माझा धाकटा भाऊ बोलण्यात मुलखाचा कंजूष. लहानपणापासून घरात त्याला 'मुका'च म्हणतात. मुका रॅप करतो म्हटल्यावर गिऱ्हाइकं हसायची. हसू देत, आपलं काय जातंय!

आमची लाँड्री. मागच्या खोलीत धुतलेले जाड कोट ओळीनं टांगलेले असतात. कापड आवाज घुमू देत नाही, म्हणून दुपारी गर्दी ओसरली की हा पठ्ठ्या त्या कोटांमध्ये शिरून रेकॉर्डिंग करायचा. एकदा घाईत मी माइक अडकवलेलाच कोट गिऱ्हाइकाला दिला. मुका असून काय बोंबलला म्हणून सांगू!

अल्बम सगळा घरचाच. बाबांची दारू, ते गेले ते, याची सुटलेली नोकरी, अंथरुणातून उठवेना ते दिवस. मागे संथ ऑर्गन आणि बायकांचा कोरस, काळजाला हात घालणारा. शेवटचं गाणं आईचं. बाबा पिऊन आरडाओरडा करायला लागले की आई आम्हा दोघांना कुशीत घेऊन गुणगुणायची. तीच गुणगुण त्याला हवी होती, तिच्याच आवाजात.

आईनं गाणी ऐकली आणि हातातली इस्त्री आदळलीच. "लोकांचे डाग काढून पोट भरतो आपण, आणि तू घरची धुणी चव्हाट्यावर धुतोस?"

"आई, एकदाच गुणगुण ना."

"ते गाणं नव्हतं रे. माझं रडू तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून होतं ते."

त्यानं बॅग भरली आणि दुसऱ्या शहरात निघून गेला. फोनही नाही. मला दोघांचा इतका राग आला! एक हट्टी, तर दुसरी सवाई हट्टी.

अल्बम आला. शेवटच्या गाण्यात मध्येच शब्द थांबतात, नुसता ऑर्गन वाजत राहतो. आईची जागा त्यानं तशीच मोकळी सोडली होती. दुसऱ्या कुणाला गायला दिली नाही.

परवा कपडे पोचते करून मी दुकानात आले, तर आई मागच्या खोलीत, कोटांमध्ये उभी. मोबाइलवर तेच गाणं. शब्द थांबले आणि आई गुणगुणायला लागली. माझ्या डोळ्यांतलं पाणी काही खळेना.

मला बघून ती दचकली. "त्याला सांगू नकोस हं. उगाच माइक घेऊन धावत येईल."

"मग येऊ दे की!"

आईनं मोबाइल बंद केला.

"येईल का गं?"