आईच्या कुड्यांतले खडे

माझं दुकान उभं राहिलं ते आईच्या शब्दावर. तिचा शब्द खरा होता. त्या शब्दाखाली जे होतं ते मी खोटं करून ठेवलं होतं, आणि हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

रायपूरच्या गोल बाजारात दुसऱ्याच्या सराफी पेढीवर अर्धं आयुष्य काढल्यावर मी शंकर नगरमध्ये स्वतःचं दुकान टाकलं. यंत्रात वाढवलेल्या हिऱ्यांच्या दागिन्यांचं. सुरतेहून खडे आणायचे, इथल्या कारागिराकडून घडवून घ्यायचे. तेव्हा इथे हे कुणाच्या गळी उतरत नव्हतं. लोक यायचे, एसीत बसायचे, चहा घ्यायचे आणि म्हणायचे, "भैया, अपने देवभोग में तो जमीन से हीरा निकलता है. ये मशीन वाला कौन पहनेगा?" मी समजावायचो की हाही हिराच आहे, काच नाही. तपासणीचं पेन लावायचो, ते खाणीतल्या हिऱ्याला वाजतं तसंच वाजायचं. बायका मान डोलवायच्या आणि दारापर्यंत जाऊन म्हणायच्या, घर में पूछ के बताते हैं.

महाराष्ट्र मंडळातल्या आमच्या ओळखीच्या बायकांचं कारण वेगळं होतं. त्या घरच्यासारख्या, त्यामुळे तोंडावर सांगायच्या. "लय चमकते रे हे. इतकं चमकते म्हणजे नकलीच असंल."

आणि त्यांच्या डोळ्यांसमोर खऱ्या हिऱ्याचं माप होतं ते आईच्या कानात. आजीकडून तिच्याकडे आलेल्या हिऱ्यांच्या कुड्या. मधे एक खडा, भोवती सहा. मागून बंद घडणीत बसवलेले, जुन्या पैलूंचे, पिवळसर झाक असलेले. एका कुडीची फिरकी झिजली होती, म्हणून आई तिच्या दांडीला दोरा गुंडाळायची. आमच्या लोकांत कुणाचंही लग्न असो, मुंज असो, त्या कुड्या तिथे असायच्याच. त्यांच्या शेजारी माझ्या दुकानातली अंगठी ठेवली की माझीच नकली दिसायची.

एकदा कुडीतला एक खडा हलायला लागला. आईने दोन्ही कुड्या रुमालात बांधून माझ्याकडे दिल्या. "नीट बसवून आण. अन् साफ पण कर, लय मळले."

कारागिराने घडण उघडली आणि चौदाच्या चौदा खडे माझ्या हातावर आले. मी ते माझ्या पांढऱ्या खड्यांशेजारी ठेवले. किती वेळ बघत होतो कोण जाणे. मग कारागिराला म्हणालो, जुने राहू दे, यात हे बसव. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कामाला लागला. जुने खडे मी कागदाच्या पुडीत बांधून तिजोरीत टाकले. काही दिवसांची गोष्ट आहे, धंदा चालायला लागला की परत बसवू, असं मी स्वतःला सांगितलं.

आईने आरशात पाहिलं. "अगं बाई, सासूबाईनं दिले तवा असेच असतीन." मग फिरकीच्या दांडीला नवा दोरा गुंडाळून तिने कुड्या कानात घातल्या.

त्यानंतर ती दुपारची दुकानात येऊन बसायची. मी बोलावलं नव्हतं, पण येऊ नको असंही म्हटलं नाही. कुणी ओळखीची बाई आली की आई एक कुडी काढून काळ्या मखमलीवर माझ्या अंगठीशेजारी ठेवायची. "हे खाणीतले, माह्या सासूचे. अन् हे माह्या पोराचे. सांग बरं, काई फरक दिसून राहिला का?"

फरक दिसणार कुठून? दोन्हीकडे माझाच माल होता.

मंडळातल्या एक काकू सगळ्यांत संशयी. भनपुरीला नवऱ्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा, माल उघडून पाहिल्याशिवाय सही करायची नाही हा घरचा नियम. त्यांनी बराच वेळ भिंग लावून पाहिलं.

"तू शपथ घेऊन सांगून राहिली का, की हे तेच आहेत?" त्यांनी आईला विचारलं.

"माह्या कानातले मी नाई ओळखत का?" आई हसली. "माही शपथ. पाह्य, हा दोरा पण माह्याच हातचा."

काकूंनी अंगठी घेतली. मग त्यांच्या सांगण्यावरून इतर बायका आल्या. माझ्या बिलावर खडा कसला आहे ते कायम स्पष्ट लिहिलेलं असायचं. मी कुणाला यंत्रातला हिरा खाणीतला म्हणून विकला नाही. हे वाक्य मी कितीतरी वर्षं स्वतःला ऐकवत आलो, आणि ते खरंही आहे, म्हणूनच त्याच्या आड बसता आलं.

धंदा चालला तरी पुडी तिजोरीतच राहिली. खडे परत बसवले असते तर कुड्या एका रात्रीत मंद झाल्या असत्या. काय सांगणार होतो?

आई आजारी पडली. दवाखान्यात नर्सने अंगावरचे दागिने काढायला सांगितले, तेव्हा कुड्या तिने माझ्या मुठीत दिल्या. "ताईच्या पोट्टीच्या लग्नात तिले दे. तुह्याशिवाय कोनाच्या हाती देऊ नको." खोलीत आम्ही दोघंच होतो. मी हव म्हणालो आणि डबा आणायला घरी गेलो. ती त्या दवाखान्यातून परत आली नाही.

मग बाजारही उतरला. आता हे खडे जो तो विकतो, गल्लीगल्लीत. माझ्या काउंटरवर जुनी गिऱ्हाइकं दागिने परत घ्या म्हणून येतात, आणि मी आता समजावत नाही. दुपारी दुकानात बसलो की आईची खुर्ची समोर असते. ती हलवायचं धाडस झालं नाही.

यंदा भाचीचं लग्न ठरलं. मी कारागिराकडे जाऊन चौदाही जुने खडे पूर्ववत बसवून घेतले आणि कुड्या घेऊन ताईकडे गेलो. ती मोठी बहीण, तिला सगळं सांगितलं. ती पापडांच्या पिशव्या बांधत होती. बांधतच राहिली.

"आईले माहीत होतं?"

"नाही."

"अन् ते शपथा घेत बसली तुह्या दुकानात." तिने पिशवीला गाठ मारली. "लग्न होऊ दे. तोपर्यंत कोनाले काई बोलू नको. पोट्टीले पण नाई."

पण चुडा भरायच्या दिवशी भाची त्याच कुड्या घालून बसली. हॉलमध्ये बायकांची गर्दी, कासार हिरव्या बांगड्यांच्या जुड्या सोडत होता. काकू तिच्याशेजारी बसल्या आणि तिची हनुवटी धरून त्यांनी चेहरा उजेडाकडे वळवला.

"हे कोनाचे गं?"

"आजी के हैं." भाचीला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

"हट. तुह्या आजीचे मी भिंगातून पाह्यले आहेत. कसे लखलखत होते. हे बदलले कोनीतरी."

भाचीने कानाला हात लावला. "मामा, मुझे भी लगा था. आजी के ऐसे नहीं थे ना?"

तिच्या डोळ्यांसमोर जी आजी होती, तिच्या कानात माझे खडे होते. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. ताई माझ्याकडे बघत होती, गप्प राहा म्हणून. गप्प राहिलो असतो तर सगळ्यांनी मिळून आईच्या खऱ्या कुड्या खोट्या ठरवल्या असत्या.

"काकू, आईचे हेच," मी म्हणालो. "तुम्ही भिंगातून पाहिले ते मी बदललेले होते. तुम्ही अंगठी घ्यायच्या आधी."

कासाराचा हात थांबला. काकूंनी आपल्या बोटातल्या अंगठीकडे पाहिलं, मग तो हात पदराखाली घेतला.

"तिले माहीत नव्हतं?"

"नाही."

"ते जित्ती असती तर तिले सांगितलं असतं का तू?"

मला हो म्हणता आलं असतं. कुणी तपासायला जाणार नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

काकू उठल्या आणि पलीकडच्या रांगेत जाऊन बसल्या. भाचीने एक कुडी काढली. मला वाटलं, आता माझ्या हातात देईल. तिने ती ताईला दाखवली. "ढीली है. गिर जाएगी."

कारागिराने आईचा दोरा काढून टाकला होता. मला ते सुचलंच नव्हतं. ताईने बांगड्यांच्या जुडीचा सुटलेला दोरा उचलला, दातांनी तोडला, दांडीला गुंडाळला आणि फिरकी घट्ट केली. मग लेकीचे केस कानामागे नीट सारले, कुड्या सगळ्यांना दिसतील असे, आणि कासाराला म्हणाली, भरा.

ते पांढरे चौदा खडे आता त्याच पुडीत, त्याच तिजोरीत आहेत. बाजारात त्यांना काही किंमत उरलेली नाही. पण आईच्या कानातून शेवटचे उतरले ते हेच, म्हणून टाकवतही नाहीत.