पितो, पिते, पितात

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मी फुटेन. टायपिंगच्या क्लासमधलं मराठी मशीन तासभर माझ्या ताब्यात आहे. सरांना वाटतंय मी परीक्षेचा उतारा मारतेय. वाटू दे त्यांना वाटायचं ते. मशीनचा ढ अडकतो आणि आज मला नेमकं 'ढोसणे' लिहायचंय, पण लिहीन, बोटाने ढकलून लिहीन.

माझा राग एका क्रियापदावर आहे. पिणे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. पिढ्यान् पिढ्या इथलेच, आई नऊवारी नेसते, भांडतो मराठीत, स्वप्नंही मराठीत पडतात. फक्त शुक्रवारी दिवस मावळला की आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, सुरू होतो. त्यासाठी आई सकाळी काळ्या मनुका भिजत घालते, कुस्करते, उकळते, फडक्यातून गाळते. ते झालं सरबत. संध्याकाळी बाबा टोपी घालून उभे राहतात, पेला हातात धरून प्रार्थना म्हणतात, एक घोट घेतात आणि पेला फिरतो. आई, मी, मग धाकटी दोघं. घोट केवढा? जीभ ओली होईल एवढा. लहानपणी पेल्याच्या तळाशी राहिलेल्या थेंबासाठी मी मोठ्या भावाचे केस उपटलेत. तो आता इस्रायलला गेला, तर तळ माझा झाला. एवढंच आमचं पिणं.

तर एका शुक्रवारी शेजारच्या काकूंनी ओट्यावरून आईला विचारलं, "मनुका कशाला हो एवढ्या?" आई घाईत होती. म्हणाली, "शुक्रवार ना आज! शुक्रवारी आम्ही सगळेच पितो थोडं थोडं. पोरंसुद्धा."

'सरबत' म्हणायचं राहिलं. संपलं!

कारण आपली भाषा अशी आहे की 'साहेब खातात' म्हटलं की लाच, आणि 'साहेब पितात' म्हटलं की बाटली. काय पितात ते सांगायचीही गरज नाही. त्यात दारूबंदी. ज्याच्याकडे परमिट नाही त्याने खोकल्याचं औषधसुद्धा दार लावून प्यावं असे दिवस.

इकडे माझं एका वकीलसाहेबांकडे टायपिस्ट म्हणून ठरलं होतं. तोंडीच, पण ठरलं होतं. बाबा यंदा रिटायर होतायत, भावाचा तिकडे अजून जम बसलेला नाही, धाकटी दोघं शाळेत. घर त्या जागेवर डोळे लावून बसलेलं. पहिल्या तारखेच्या आधी साहेबांनी बोलावलं. शिपायाने चहा आणून ठेवला. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "तसं काही नाही, पण तुमच्या घरी... म्हणजे... घेण्याची वगैरे पद्धत आहे का?"

समोर कप. मला वाटलं, चहाचं विचारतायत. म्हटलं, "घेतो की! सकाळ-संध्याकाळ."

"सकाळीसुद्धा?"

"बाबांना तर त्याशिवाय अंथरुणातून उठवतच नाही."

साहेबांनी चष्मा घातला, काढला, परत घातला. "बरं. कळवतो."

नाहीच कळवलं. पहिली तारीख गेली. मी आपली रोज शिपायाची वाट बघतेय.

मला कळलं ते मासळीवाल्या मावशीकडून. आम्हाला खवल्यांचीच मासळी चालते, म्हणून ती आमची वेगळी काढून ठेवते. पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "बाय, तुमी शुक्करवारी सगली पिता म्हनं? पोरांना पन पाजता?"

"कोण म्हणालं?"

"आलीतली सगली म्हनतात. तुज्या वकिलाची बायको पन. आमचा बाप्या रोज पितो, त्याची बातमी कोन करीत नाय!"

मला तेव्हा कळलं, मी साहेबांना काय सांगून आले होते. आणि अंगाचा भडका उडाला. अरे, विचारायचं तर सरळ विचारा! 'पिणं' म्हणायला जीभ जड होते म्हणून 'घेणं'. स्वतःचा पाहुणा 'घेतो', गडी 'ढोसतो'. नळावर दोन घागरी जास्त भरल्या तर ऐकायचं, 'एवढं पाणी काय पिता की ढोसता?' देव प्राशन करतात, पैलवान दुधाचा तांब्या रिचवतो, पोरं ताक गटागटा घशात ओततात, आणि आम्ही एक घोट घेतला तर आम्ही 'पितात'! आणि आई म्हणते, "गिळ राग." म्हणजे तेही गिळायचं आम्हीच!

पण खरं सांगू? नोकरीपेक्षा पुढच्या शुक्रवारी जे झालं त्याने जास्त जळले. बाबांनी पेला हातात घेतला, मग खाली ठेवला, उठले आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. जन्मात ती खिडकी कधी लावली नव्हती. येणारे-जाणारे ओळखीचे बाहेरून 'काय, शुक्रवार का?' म्हणायचे. प्रार्थना त्यांनी पुटपुटल्यासारखी म्हटली. माझ्या बापाने! स्वतःच्या घरात!

रविवारी सकाळी काकू ओट्यावर नातवाला घेऊन बसल्या होत्या. लेक बाळंतपणाला आलेली. कोणीतरी विचारलं, बाळ कसं आहे? काकू कौतुकाने म्हणाल्या, "लबाड आहे! रात्रभर नुसता पितो!"

मी दारातच थांबले. "काय म्हणालात काकू? पितो?"

"मग! जरा सोडत नाही."

मी आळीकडे तोंड केलं आणि ओरडले, "ऐकलंत का हो? काकूंचा नातू पितो! रात्रभर पितो! आणि आईच पाजते!"

समोरच्या ओट्यावर हसू फुटलं. मावशी पाटी घेऊन येतच होती. "मंग त्याचं परमिट काडा!"

काकू लालबुंद. "जीभ झडेल तुझी! दूध पितं माझं लेकरू!"

"आणि आम्ही मनुकांचं सरबत! एवढं सांगा आता वकिलीणबाईंना!"

काकू बाळाला छातीशी धरून उठल्या आणि काय म्हणाल्या माहितीये? "मी कुठे दारू म्हणाले? मी फक्त 'पितात' म्हणाले."

फक्त!

पण सांगितलं असणार त्यांनी, कारण काल शिपाई निरोप घेऊन आला. 'सोमवारपासून या. गैरसमज झाला होता.' कोणाचा झाला ते नाही. कोणी केला तेही नाही. झाला होता, सर्दी होते तसा. जाणार मी, जावंच लागणार. पण साहेबांनी 'चहा घेणार?' विचारलं की सांगणार, 'घेत नाही. पिते.'

आणि परवाच्या शुक्रवारी खिडकी मी उघडली. सताड. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेला उचलला. पण आवाज अजून बारीकच आहे हो त्यांचा. तो निरोप शिपाई कधी आणणार?

तुमच्याकडे झालंय का असं? एखाद्या एवढ्याशा शब्दापायी तुमच्या घराची खिडकी कोणी लावून घेतलीये का?