मारझोड मोजणारे सर

आमच्या मूल्यमापनवाल्या सरांना साक्षात देव भेटला, तरी ते आधी विचारतील, ‘दर्शनापूर्वी कसं वाटत होतं? आणि आता?’ उभा जन्म त्यांनी सहकारी दूध संघात दुधाची फॅट मोजली. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, संघाला कुलूप लागलं, आणि एका संस्थेनं त्यांना नवं काम दिलं: बायकोला न मारण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या नवऱ्यांमध्ये किती फरक पडला, ते तपासायचं. दूध काय, नवरा काय, नमुना घेऊन हलवून बघायचा, एवढंच सरांच्या लेखी.

युसूफ वडगावातली ही शिबिरं आमचं महिला मंडळ भरवायचं. म्हणजे सतरंज्या, माणसं, चहा, सगळं मी. सर कुणाच्या घरचा चहा घेत नसत. स्वतःचा थर्मास आणत. चहा घेतला की उत्तर गोड मिळतं म्हणे. प्रश्न मात्र भर ओट्यावर, सासू आणि नवरा शेजारी बसवून. “मारतो का?” “न्हाई ओ, देवमाणूस हाय,” बाई पदर ओढत म्हणायची आणि सर समाधानानं कागदावर खूण करायचे. दिवाळीनंतर दुसऱ्या फेरीला आले, तर गल्लीभर कुलपं. हरखून म्हणाले, “ताई, गावात एक भांडण न्हाई! प्रशिक्षण लई लागू पडलं.”

“सर, गाव ऊसतोडीला गेलंय. भांडायला हाय कोण हितं?”

पण अर्धवट काम सोडतील तर ते सर कसले! मला घेऊन थेट उसाच्या फडात. शिबिरात सगळ्यांत मोठ्यानं शपथ घेतलेला त्यांचा लाडका नवरा ट्रॅक्टर भरत होता, म्हणून बायको, साळूबाई, पहिल्यांदाच एकटी सापडली.

“लई फरक पडला सर,” मोळी आवळत ती म्हणाली. “पयले चारचौघांत हाणायचा, आता दार लावून हाणतो.”

सरांचं पेन थांबलं. “आन हितं?”

“हितं पाचटाच्या कोपीला दार कुठंय? आन मला पाडल्यावर मोळ्या कोण बांधील? गावाकडं आल्यावर इचारा.”

सरांनी खरं ते कळवलं. संस्थेनं शिबिरं बंद केली आणि सरांनाही घरी बसवलं.

पण सर घरी बसले नाहीत. साळूबाई गावी परतल्यापासून रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर जातात, थर्मास न घेता. “साळूबाई, चहा टाका. दार राहू द्या उघडं, उकडतंय.” नवरा आत चुळबुळत राहतो आणि सर एक कप दिवेलागण उलटेपर्यंत पुरवतात. परवा मी चिडवलं, “सर, ह्या चहाचं मूल्यमापन?”

“लई पातळ असतो,” ते म्हणाले. मग चष्मा पुसत हळूच, “मी बसतो तवर दार उघडं राहतं, ताई. उठल्यावरचं मला न्हाई मोजता येत.”