मामांच्या अंगातलं बहिणीचं रक्त

माझ्या बायकोच्या मामांइतका स्वतःच्या रक्ताचा अभिमान बाळगणारा माणूस अख्ख्या जव्हार तालुक्यात सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे ते रक्त त्यांचं नव्हतंच. काही वर्षांपूर्वी रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी किरणं देऊन त्यांच्या हाडांतली मज्जा जाळली आणि धाकट्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पेशी त्यांना दिल्या. मामांचा रक्तगटच बदलला. गावी, साखरशेतला परतल्यापासून ते कुणावर चिडले की वर शांतपणे सांगत, "हा राग माझा नाय, तिचा हाय." संसर्गाच्या धास्तीनं लग्नाला गेले तरी उकळलेलं पाणी आणि नाचणीची भाकरी घरून नेत, आणि नवरदेवाला आशीर्वाद देत तो लांबूनच. भाऊबीजेला तर बहिणीला पाटावर बसवून स्वतःच ओवाळत. जीव तिनं राखला, मग ओवाळायचं कुणी, असा त्यांचा सवाल. सासूबाई लाजून पदरात तोंड लपवत.

गेल्या वर्षी भाताची लावणी करताना मामा बांधावर टेकले ते उठेनात. तपासण्या झाल्या. रोग उलटला नव्हता. डॉक्टर म्हणाले, पेशी बहिणीच्याच आहेत, पण त्या वाढतात ती हाडांतली जागा तेव्हाच्या किरणांनी कमजोर झालीय. असं कधी कधी वर्षांनी कळतं.

"म्हंजे राब जास्त भाजला," मामा म्हणाले. भाताचं बी टाकण्याआधी आमच्याकडे जमीन भाजतात, हे मग मी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, तसंच काहीसं.

बहिणीच्या पेशी पुन्हा देऊन बघायचं ठरलं. मामा साफ नाही म्हणाले; तिचंही वय झालं, किती घ्यायचं तिच्याकडून? सासूबाईंनी वाद घातला नाही. ठरल्या सकाळी जव्हारच्या स्टँडवर त्या आधीच मुंबईच्या एसटीत चढल्या आणि मामांसाठी खिडकीची जागा धरून बसल्या. मामा गुपचूप शेजारी जाऊन बसले.

पेशी पुन्हा दिल्यापासून मामांना रक्त चढवायला पूर्वीपेक्षा कमी वेळा जावं लागतं. थकवा मात्र गेलेला नाही, आणि पुढचं डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. यंदाची लावणी मामांनी बांधावर खुर्ची टाकून बघितली. सासूबाई खाली चिखलात वाकून रोपं लावत होत्या.

"जावई, ती दमली का बघा जरा," मामा हळूच म्हणाले. "मी इचारलं तर कबूल करायची नाय."

मी हाक मारली. सासूबाईंनी वर न बघताच हात हलवून नाही म्हटलं. मामांनी मान डोलावली, पण नजर तिच्यावरून काढली नाही.