सगळ्यांनी हो म्हटलं

प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सांगलीतल्या एका मोठ्या रुग्णालयात आई व्हायला जाऊ लागले. डॉक्टर, नर्स आणि वॉर्डातले मामा यांना अडीअडचणीत एकत्र काम करायची सवय लागावी म्हणून तिथे खोटे प्रसंग घडवतात. खोली खरी, पलंग खरा, सलाईन खरं, पेशंट तेवढा खोटा. बाळंतपणाच्या प्रसंगात एक सिस्टर पोटावर रबराची पिशवी बांधून झोपते, बाहुलीचं मूल बाहेर आलं की गुपचूप पिशवी दाबते आणि लाल पाणी वाहायला लागतं. तिची आई म्हणजे मी. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी बसवलेली नाटकं तिथल्या एका माजी विद्यार्थिनीला आठवत होती. तिनेच मला ओढून नेलं.

"बाई, जेवढा त्रास देता येईल तेवढा द्या," हे प्रसंग बसवणाऱ्या भूलतज्ज्ञ बाईंनी मला सांगितलं होतं. त्रास द्यायला मला शिकवावं लागत नाही. मुळात मी चिडकी आहे आणि शाळेत पालकांची बोलणी ऐकून ऐकून भाषाही तयार होती. "आवं डाक्टरीण बाई, रगात लय चाललंय की! माझ्या लेकीला काय झालं सांगा की!" असं म्हणत मी डॉक्टर मॅडमचं कोपर धरायची. पलंगावरची सिस्टर हसू दाबायला तोंड फिरवायची.

मॅडम वयाने तरुण, बोलायला फार गोड. पहिल्या प्रसंगात पाणी वाहायला लागलं तेव्हा पोट चोळता चोळता त्या म्हणाल्या, "रक्तपेढीला फोन करा हं कुणीतरी." त्यासरशी सिस्टर म्हणाली, "हो मॅडम." दुसरी सिस्टर म्हणाली, "हो मॅडम." मामा म्हणाले, "व्हय मॅडम." मग सगळे आपापल्या कामाला लागले आणि फोन कुणीच केला नाही. थोड्या वेळाने भूलतज्ज्ञ बाईंनी हात वर करून सांगितलं की पेशंट गेली. पलंगावरची सिस्टर उठून बसली आणि ओला गाऊन झटकू लागली.

नंतर चहा आणि भडंग घेऊन सगळे गोलात बसले. कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाला मनापासून वाटलं होतं की दुसऱ्याने फोन केला. भूलतज्ज्ञ बाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "मग तुम्ही हो का म्हणालात?" या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येईना. मला देता आलं असतं. आमच्याकडे मोठं माणूस काही बोललं की आधी हो म्हणायचं असतं, तो मान असतो. चाळीस पोरं एका सुरात "हो बाई" म्हणाली की समजावं, एकालाही काही कळलेलं नाही. पण मी तिथे आईचं काम करायला गेले होते, बाईचं नव्हे, म्हणून भडंग चावत गप्प बसले.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण माझी लेक पोटुशी होती. तिला माण तालुक्यात दिली आहे. सासऱ्यांची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, जावई मुंबईला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे ती आता विट्यावरून माझ्याकडे येणार आणि तिचं नाव कुठल्या दवाखान्यात घालायचं ते मी ठरवणार. एवढे दिवस मी ऐटीत सांगत होते की मोठ्या रुग्णालयात घालू, तिथे माझी ओळख आहे. ओळख आता नको तेवढी झाली होती.

गल्लीतल्या खासगी दवाखान्यासमोरून मी दिवसातून दोनदा जायला लागले. बाहेर तुळस, स्वच्छ पायऱ्या, आतून अगरबत्तीचा वास. तिथे कुणाला चुकताना मी पाहिलं नव्हतं, एवढ्याच भांडवलावर तो मला उत्तम वाटायचा. घरी येऊन ठरवायची, इथेच. भाजी फोडणीला टाकेपर्यंत वाटायचं, आत काय चालतं ते तुला कुठे ठाऊक आहे? मग मोठं रुग्णालय. मग "हो मॅडम" आठवायचं आणि हातातला झारा ओट्यावर आपटायचा. लेकीला फोन केला की ती म्हणायची, "तू ठरवशील तसं, आई." पाय सुजलेत का? नाही. नीट जेवतेस का? हो. झोप लागते का? हो आई. तिचं सगळं नेहमीच बरं असतं. मला त्या शहाणपणाचा उगाचच राग यायचा.

दुसऱ्या प्रसंगातही पेशंट गेली. या वेळी सगळ्यांचं हो थोडं जोरात होतं एवढाच फरक.

तिसऱ्या प्रसंगाला मी गेले तीच धुमसत. पाणी वाहू लागलं, मॅडम पोट चोळू लागल्या. "रक्ताचं बघा हं," त्या म्हणाल्या. "हो मॅडम. हो मॅडम. व्हय मॅडम." पलंगावर डोळे मिटून पडलेल्या त्या सिस्टरच्या जागी मला माझी पोर दिसली आणि माझ्यातली खेडवळ आई कुठल्या कुठे पळाली. चौथीच्या वर्गावर ओरडावं तशी मी ओरडले, "कोण? फोन कोण करणार? ज्याने हो म्हटलं त्याने हात वर करा!"

मामांनी खरोखरच हात वर केला. "मी करतो बाई," म्हणाले आणि फोनकडे धावले. रक्त आलं, इंजेक्शन गेलं, पेशंट जगली. सिस्टरने पडल्या पडल्या माझा हात दाबला. मला तर वाटलं, जग जिंकलं.

"हे धरता येणार नाही," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

"का? जगली की ती!"

"तुमच्यामुळे जगली, बाई. मी त्रास वाढवायला तुम्हाला आत उभं करते. खऱ्या वेळी नातेवाईक आत नसतात. तुम्ही दाराबाहेर असाल."

त्यांना माझ्या लेकीचं काही माहीत नव्हतं. पण ते वाक्य मला असं बसलं की मी पर्स उचलली. इतके दिवस मनातल्या मनात मी लेकीच्या उशाशी उभी होते. काही चुकलं तर ओरडीन, हात धरीन, एकेकाला कामाला लावीन, हा हिशेब कधी केला ते माझं मलाच कळलं नव्हतं. त्या हिशेबात दार नव्हतंच.

"पुन्हा करू," मागून मॅडमचा आवाज आला. "बाईंशिवाय."

मी बाहेरच्या बाकावर बसले. बसवेना म्हणून उठले, दाराला कान लावला, पुन्हा बसले. आत पावलं वाजली. कुणीतरी म्हणालं, रक्त जातंय. मी स्वतःचं बोट चावत होते. मग मॅडम बोलल्या, पण इतक्या मोठ्याने की आधी मला आवाज ओळखू येईना. सवय नसल्यामुळे तो मध्येच फाटला. "मामा, तुम्ही. रक्तपेढीला फोन. काय करणार ते मला सांगा."

"रक्तपेढीला फोन करतो, मॅडम. दोन पिशव्या मागतो. तुमास्नी येऊन सांगतो."

मला रडू फुटलं. त्या मुलीला ओरडताना किती जड गेलं असेल ते मला दाराच्या या बाजूला कळत होतं. तेवढ्यात आत ट्रे की काहीतरी पडलं, धावपळ झाली, दोघी एकदम बोलल्या. पेशंट जगली की गेली ते कळायच्या आधीच मी लेकीला फोन लावला. थांबले असते तर पुन्हा खासगी दवाखान्याच्या पायऱ्या आठवल्या असत्या.

"तुझं नाव इथेच घालतेय," मी म्हणाले. "मोठ्या रुग्णालयात."

"बरं. तू असशील ना आत?"

"नाही गं. मला दाराबाहेर थांबवतील."

तिच्या मागे मेंढरं ओरडत होती.

"ऐक," मी म्हणाले, "आत मॅडम असतील, सिस्टर असतील. पण तुला काही वेगळं वाटलं, चक्कर आली, गार वाटलं, तर सांगायचं. लाजायचं नाही. मोठ्याने सांगायचं. कळलं?"

"हो आई."

"हो नको म्हणूस!" मी रुग्णालयाच्या त्या व्हरांड्यात एवढ्या जोराने ओरडले की दोन माणसं वळून बघायला लागली. "तुला काय होतंय ते सांग मला. आत्ता सांग."

बराच वेळ नुसती मेंढरं ऐकू येत होती.

"आई, मला लय भीती वाटतीय," ती म्हणाली.

"मलाही," मी म्हणाले.