डाव्या हाताचं मीठ

तिला सगळे कढईमावशीच म्हणत. मुलींच्या वसतिगृहात तिनं उभा जन्म स्वयंपाक केला, शे-सव्वाशे पोरींचा, दोन्ही वेळचा. माप म्हणून काही तिनं हातात धरलं नाही. मीठ मुठीनं, तेल डब्यातून थेट कढईत, आणि चव कधी चुकली नाही. पण हात एका अंदाजाला बसला की दुसऱ्याला बसत नाही, आणि मावशीची खरी रड निवृत्तीनंतर सुरू झाली.

वसतिगृहानं नवी भांडी घेतली तेव्हा जुनी तिनं मागून आणली. कशाला, ते तिलाच ठाऊक. घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर, माणूस एक. दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये पातेल्यांची उतरंड लागली, पराती माळ्यावर गेल्या, आणि ज्या कढईवरून तिला नाव पडलं ती दारातच ठाण मांडून बसली. येणाऱ्यानं अंग तिरकं करूनच आत शिरायचं.

एवढी भांडी समोर आणि हात तसला. एकटीसाठी म्हणून रस्सा टाकायची, तो दहा जणांना पुरायचा. शेजारी आधी खूश झाले. मग मावशी डबा घेऊन येताना दिसली की दार लोटून घेऊ लागले. अन्न टाकणं तिला ठाऊक नव्हतं, म्हणून सकाळचं संध्याकाळी आणि संध्याकाळचं दुसऱ्या दिवशी, तेच तेलकट आणि तेच खारट, पोट नको म्हणत असताना ती खात राहिली. अति तिथे माती, दुसरं काय? साखर वाढली, रक्तदाब वाढला, आणि एका दुपारी पॅसेजमध्ये चक्कर येऊन ती उतरंडीवर कोसळली. त्या आवाजानं अख्खी इमारत जिन्यात आली. उजवं मनगट मोडलं होतं.

मुलगा दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. तो धावत आला, आणि आईच्या हाताचं प्लास्टर बघून त्याचा चेहरा पडला.

"आई, आता पुरे. माझ्याकडे चल. ही अडगळ भंगारात देऊ आणि घराला कुलूप लावू."

मुलगा वाईट नव्हता, सून तर सोन्यासारखी. पण मावशीला जायचं नव्हतं. जन्मभर वसतिगृहाच्या घंटेवर उठली, आता कुठे स्वतःच्या मर्जीनं उठत होती. या दोन खोल्या तिच्या कष्टाच्या होत्या. सुनेच्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखं बसून राहायचं या विचारानंच तिला रडू आलं. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले.

"प्लास्टर निघेपर्यंत थांब," ती म्हणाली. "साखर खाली आणते, घर मोकळं करते. नाही जमलं तर बॅग घेऊन ये. मी चूं करणार नाही."

मुलाचा विश्वास नव्हता. जित्याची खोड त्यालाही माहीत होती. पण शेजारच्या नर्सबाईंनी लक्ष ठेवायचं कबूल केलं, तेव्हा तो नाइलाजानं गेला.

नर्सबाईंचं बोलणं रोखठोक. "मावशी, निम्मं ताट भाजीचं. मीठ निम्मं, तळण बंद. आणि शिळं पोटात ढकलणं तर अजिबात नाही."

"मग उरलेलं टाकून देऊ?"

"टाकू नका. उरेल इतकं करूच नका."

हे सांगणं सोपं. मावशीनं आजवर कितीदा हात आखडला होता, तरी दहाचे आठच झाले होते. पण आता उजवा हात गळ्यात अडकवलेला. सोप्या कामाला लोक डाव्या हाताचा मळ म्हणतात. म्हणणाऱ्यांनी डाव्या हातानं कधी दुधी चिरून बघावा! अर्धा दुधी चिरता चिरता ती घामाघूम झाली, उरलेला अर्धा चिरायची ताकद राहिली नाही. मिठाच्या बरणीत डावा हात घातला तर मूठ धड वळेना, चिमूटच आली. चिडून तिनं तेवढीच टाकली. भाजी झाली ती एका माणसाची, आणि बेचव.

मावशी घास तोंडात धरून थबकली. डाव्या हातानं वसतिगृह पाहिलंच नव्हतं. त्याला शंभराची सवयच नव्हती. तो कोरा होता, शिकवाल ते शिकणारा.

मग तिनं त्यालाच शिकवायला घेतलं. पहिले काही दिवस जेवताना तोंड वाकडं व्हायचं. उजव्या हाताची बोटं प्लास्टरमधून वळवळायची. पुढे पुढे तिला भोपळ्याची मूळची गोडी कळायला लागली, तेव्हा ती स्वतःशीच पुटपुटली, "इतकी वर्षं मी काय नुसतं मीठच खात होते की काय?"

पोट हलकं झालं तशी पातेल्यांवर नजर गेली. एक खालच्या लाँड्रीवाल्याला दिलं, कपडे भिजवायला. पराती बेकरीत गेल्या. प्रत्येक भांडं दारातून जाताना तिचा जीव वरखाली व्हायचा, पण पॅसेजमधली फरशी दिसत गेली तशी तिला हुरूपही आला. कढई मात्र शेवटपर्यंत राहिली. अखेर बस डेपोच्या कँटीनचे दोघे येऊन ती उचलून घेऊन गेले. मावशी जिन्यात उभी राहून रडली, हुंदके देऊन रडली. मग आत येऊन कढईखालची जागा फडक्यानं पुसून काढली.

प्लास्टर निघालं. पहिल्याच दिवशी उजवा हात सवयीनं बरणीत गेला आणि गच्च मूठ भरून बाहेर आला. तिनं मूठ परत बरणीत रिकामी केली. तेव्हापासून चिरायला, ढवळायला उजवा, मिठाला डावा. साखर बरीच खाली आली होती. नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, मानलं तुम्हाला."

मुलगा न कळवताच आला, हातात मोठी रिकामी बॅग. दार उघडताच सवयीनं तिरका झाला, आणि तसाच तिरका दोन पावलं चालला. मग वाटेत कढई नाही हे कळून ओशाळा होऊन सरळ झाला. प्रवासानं भूक लागली होती. त्यानं फ्रिज उघडला. दूध आणि एक लिंबू. ओट्यावर एकच छोटं पातेलं, घासून पालथं घातलेलं.

"आई, जेवायला काही उरलं नाही?"

मावशीचा चेहरा उतरला. तिच्या दारातून कुणी उपाशी गेलं नव्हतं. तिला क्षणभर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग ती ताठ झाली.

"नाही उरलं. आता उरत नाही. बस, तुझ्यापुरतं टाकते."

तिनं भाजी चिरली, फोडणी दिली, आणि डाव्या हातानं मिठाची चिमूट सोडली. मुलगा बघत राहिला. तो जेवला. भाजी त्याला अळणी लागली असणार, पण त्यानं मीठ मागितलं नाही. ताट चाटूनपुसून उठला आणि पॅसेजमध्ये ठेवलेल्या बॅगेकडे बघत उभा राहिला.

"ही वर माळ्यावर टाकू का? पुढेमागे लागेल."

"माळा मी मनावर दगड ठेवून रिकामा केलाय," मावशी म्हणाली. "आणलीस तशी घेऊन जा."